रेणुकाचं माहेर, रेणुकाचं सासर

बरकतपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर रेणुका राहते. स्वतः बँकेत, नवरा आदर्श रेल्वेत, लेक प्रबुद्ध सहा वर्षांचा. आदर्श तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही रीत आम्ही सगळ्यांनीच मराठवाड्यातून इथे येताना गाठोड्यात बांधून आणली. तेव्हा सासू चतुराबाई म्हणजे तिची आत्याच. पोर परक्या घरी गेली नाही म्हणून तिचे वडील तातेराव निर्धास्त आहेत.

प्रबुद्धच्या उष्टावणात चतुराबाईंनी खिरीचा चमचा त्याच्या तोंडाला लावला आणि पोर ओकून ओकून गार पडलं. बरेच दवाखाने पालथे घातल्यावर कळलं, की साखर, गूळ, मध, फळं पचवायला जे एन्झाइम लागतं, ते याच्या शरीरात जवळजवळ नाहीच. ही उणीव आई आणि बाप दोघांकडून आली, तरच मूल आजारी पडतं. औषध नाही. जन्मभर गोड टाळायचं, एवढंच. पोराला ताप आला तरी आधी सिरपमध्ये साखर आहे का ते बघायचं.

सासू खाष्ट असती तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटतं. चतुराबाईंनी साखरेचा डबा घरातून हद्दपार केला. स्वतः फिक्का चहा पितात, बेगम बाजारातून नातवासाठी मुरमुरे आणतात, त्याला मांडीवर घेऊन भात भरवतात. अशा बाईचं गाऱ्हाणं रेणुकाने सांगावं कुणाला? माहेरी? तिथे त्याच बाईचा भाऊ बसलाय.

यंदा तिच्या धाकट्या बहिणीचं, गीताचं, आदर्शच्या धाकट्या भावाशी, संदेशशी ठरलं. रेणुकाच्या पायाखालची जमीनच सरकली. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात पुन्हा असं लग्न ठरलं तर आधी दोघांचं रक्त तपासा. ती आत्याच्या मागे लागली.

"कायकू तपासायचं गं? आपलंच तर रक्त हाय," आत्या हसल्या.

तातेराव म्हणाले, "तुझं काय वाईट झालं त्या घरात?"

आणि गीता, हुरळलेली! "आक्का, तू हायस ना तिथं, मला कसली भीती?"

साखरपुडा हॉलवर होता. बुद्धवंदना झाली, साखरेचं ताट पुढे आलं, आणि रेणुका उभी राहिली. "आधी तपासणी करा. नाहीतर परत तसंच लेकरू होऊ शकतं."

प्रबुद्ध चतुराबाईंच्या मांडीवर होता. बाईंचे डोळे भरून आले, आणि ते नाटक नव्हतं. "तसंच म्हंजे कसं गं? माझ्या पिल्लासारखं नक्को तुला?"

पोराने आईकडे पाहिलं. "मम्मी, माझ्यासारखं नक्को?"

आजार नको आणि तू हवास, हे सहा वर्षांच्या जिवाला सगळ्या पाहुण्यांसमोर कसं समजावणार? मला त्या भरल्या हॉलचा असा संताप आला, की सांगता सोय नाही.

रेणुकाने एकदा गीताकडे पाहिलं, मग पोराकडे. "हवं रे राजा," ती म्हणाली. "तुझ्यासारखंच हवं."

"मग अडलं कुठं?" म्हणत तातेरावांनी ताट गीतापुढे सरकवलं.