धूर सोडणारा बर्फ

काल्हेरच्या मृणालीचं काम नेमकं काय, हे तिच्या आळीत आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. "फ्रीजात हात घालून मांस कापते," असं शेजारची तुळजा येईल त्याला सांगते, आणि स्थळं घेऊन आलेली मंडळी अर्धा चहा टाकून उठतात. मृणालीला त्याचं काही वाटत नाही. चिडतात ते तिचे वडील, बाळाराम. एके काळी खाडीत जाळं टाकणारा हा आगरी माणूस. आता जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाडं घरबसल्या येतं आणि दिवसभर करायला काही उरलेलं नाही. त्यामुळे लेकीच्या नोकरीचा अभिमान बाळगणं हाच त्यांचा सध्याचा उद्योग.

तुळजाचं म्हणणं तसं अगदीच खोटं नाही. गोदामांच्याच रांगेत वरच्या मजल्यावर एक छोटी संशोधन लॅब आहे. तिथे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे गोठवलेले तुकडे येतात. गारठलेल्या पेटीत एक पातं बसवलेलं असतं. त्यावर मृणाली तुकड्याचे काप काढते, केसाहूनही कितीतरी पातळ. काप सुटताना हमखास गुंडाळी होऊ पाहतो. त्याला बारीक ब्रशने, लाडीगोडी लावत सपाट करायचं आणि काचपट्टीवर घ्यायचं. काचेच्या मागे बोट टेकवलं की त्या उबेनेच तो चिकटतो. तुकडा बुडाशी बसवायला इतर लॅबमध्ये डिंकासारखा द्राव वापरतात. इथे तो चालत नाही, पाण्याचा थेंब वापरायचा, कारण पुढचं मशीन त्या डिंकाचंही वजन करत बसतं. मग कापावर एका रसायनाचा दवासारखा फवारा मारायचा. त्यावरून ठिपक्याठिपक्याने लेझर फिरतो, मशीन रेणू तोलतं आणि पडद्यावर चित्र उमटतं: औषध गाठीत कुठवर शिरलं आणि कुठे अडलं. कौतुक होतं ते चित्राचं. काप कुणी काढला हे विचारायला कुणाला सुचत नाही, आणि मृणालीही ते मनाला लावून घेत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी कशेळीच्या पुलाजवळ कंटेनर आडवा झाला आणि सगळा रस्ता ठप्प झाला. त्यात कुरियरची गाडी अडकली, आणि त्या गाडीत लॅबसाठी निघालेली पेटी. लॅबच्या प्रमुख दिपाली मॅडम खिडकीशी फेऱ्या मारत होत्या.

"या पेशंटच्या गाठीचा एवढाच तुकडा शिल्लक आहे गं," त्या म्हणाल्या. "बाकीचा हॉस्पिटलच्या तपासणीत संपला. ऑपरेशनच्या आधी त्याला नवं औषध दिलं होतं. ते आतपर्यंत पोचलं की नाही, हे फक्त हा तुकडाच सांगणार. आणि पेटीतला बर्फ दुपारपर्यंतच टिकेल."

"मॅडम, माझे बाबा कशेळीतच आहेत," मृणाली म्हणाली. "स्कूटरवरून घेऊन येतील. गल्लीबोळ त्यांना तोंडपाठ आहेत."

मॅडम हो म्हणाल्या. मृणालीने फोनवर बाबांना बजावलं: पेटी आडवी करू नको, उन्हात ठेवू नको, कुणाच्या हातात देऊ नको. उघडू नको, एवढं मात्र सांगायचं राहिलं. पेटी उघडावी असं कुणाला वाटेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

बाळाराम आले ते ओल्या सदऱ्याने आणि लग्नघरच्या उत्साहाने.

"घे बाय तुझी पेटी! मी व्हतो म्हनून वाचली. अगो, आतून धूर येत व्हता. मना वाटला, बर्फ जलतंय. उघरून बघतो तं नुसतं पांढरं खडं, पानी न्हाय का काय न्हाय. असला खराब बर्फ देतान तुमाला? फेकून दिला. दौलतच्या मासलीच्या गाडीवरशी ताजा बर्फ घेतला, वर मीठ मारला. डबी पिशवीन बांधली, पानी लागाला नको म्हनून."

मासळीसाठी याहून चोख काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण धूर सोडणारा तो कोरडा बर्फच तुकड्याचा जीव होता. त्यापुढे मिठातला बर्फ म्हणजे ऊबच. मृणालीने तुकड्याची काचेची डबी कानाशी धरून हलवली. आत खड्यासारखा खणखणायला हवा होता तो तुकडा मुकाट्याने घसरला आणि काचेवर ओलसर रेघ उमटली. बाबांना ती "बरं, जा तू घरी" एवढंच म्हणाली.

तिने तुकडा पुन्हा गोठवला. तो टणक झाला. एक काप काढून पाहिला. दृष्ट लागावी असा काप. चित्रही सुरेख आलं असतं. फक्त ते खोटं असतं. तुकडा मऊ पडला की औषध जागा सोडून पसरतं. जिथे ते कधी पोचलंच नव्हतं, तिथेही पडद्यावर दिसलं असतं, आणि पुढच्या पेशंटना देताना डॉक्टर त्यावर विसंबले असते. हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. सांगायचं, तर बाबांचं नाव घ्यावं लागणार होतं. खाली तेच बाबा अजून वॉचमनला आपली करामत ऐकवत होते. मृणालीने ब्रश खाली ठेवला. मग हातमोजे काढून ती मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "परवानगी मीच दिली होती," एवढं बोलून त्यांनी तो पेशंट अभ्यासातून वगळला.

संध्याकाळी बाळाराम जेवायला बसले आणि पहिलाच प्रश्न आला, "मंग? आला ना चित्र?" मृणालीला वाटलं, हो म्हणावं आणि विषय संपवावा. पण दिवसभर खरं बोलून घरी येऊन खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. तिने समजावून सांगितलं, होईल तेवढं हळू. बाळारामांचा घास हातातच राहिला.

"म्हंजी मी नासवला?"

"तुला ठाऊक नव्हता, बाबा. मी सांगाला पायजे व्हता."

"कोनाचा व्हता तो?"

"आमाला नाव सांगत न्हाय. नुसता नंबर असतो."

"जिता हाय ना तो मानूस?"

इतकी वर्षं मृणाली काप काढत होती, पण हा प्रश्न तिने कधी कुणाला विचारला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

"ठाऊक न्हाय, बाबा."

बाळारामांनी ताट बाजूला सारलं. "तू झाकला न्हायस ता बरा केलास," ते म्हणाले. "दुसऱ्याचा भला व्हावा म्हनून त्यानी अंगाचा तुकरा दिला. आनि मी तो बाजारच्या बर्फान घातला."

ते हात धुऊन ओटीवर जाऊन बसले. मृणालीही ताट झाकून त्यांच्याशेजारी बसली. घरातलं कुणी गेल्यावर बसतात तशी ती दोघं बसून राहिली, ज्याचं नाव ठाऊक नव्हतं त्या माणसासाठी.