केटीची चादर दिसली का?

पुढचं सगळं शब्दन् शब्द खरं आहे, शपथेवर सांगतो. म्हणजे ज्या किश्शांना मी हजर होतो, ते तरी. पहिल्याला मी नव्हतो. पण आईने तो इतक्यांदा सांगितलाय की मला आता तिथलं ऊनसुद्धा आठवतं! इथल्या मराठी घरांत दह्याचे रिकामे डबे साठतात ना, तसे किस्से साठतात. कुठला आपला आणि कुठला देशमुखांकडून आलेला, काही कळत नाही.

टेक्ससच्या फ्रिस्को गावातला आमचा शेजारी कर्नल गेला, त्याला आता वर्ष होईल. आधी त्याने लढाऊ विमानं उडवली, मग अंतराळात जाऊन आला, मग राजकारणात पडला आणि राज्याच्या सिनेटमध्ये बसला. माझा मित्र देशमुख त्याला म्हणाला, "या तिन्हींत जास्त चक्कर कुठे आली?"

"सिनेटमध्ये. तिथे खिडकीच नव्हती!"

* * *

आई नागपूरहून पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हाची गोष्ट. कर्नल रोज सकाळी आपल्या पिकअपभोवती एक फेरी मारायचा. टायरला हात लावायचा, बॉनेटवरून तळवा फिरवायचा, मगच आत बसायचा. वैमानिकाची जुनी सवय. उड्डाणाआधी विमान असंच तपासतात.

आईला वाटलं, प्रदक्षिणा! "गोरा माणूस, पण श्रद्धा पाहा न केवढी!" चौथ्या दिवशी ती कुंकवाची डबी घेऊन गेली आणि बॉनेटला दोन बोटं ओढून आली.

कर्नलने ते पुसू दिलं नाही. कार वॉशवाल्याला बजावायचा, "तेवढं सोड. इन्स्पेक्शन झाल्याची खूण आहे ती."

* * *

कर्नलची शेवटची निवडणूक होती. लायब्ररीच्या हॉलमध्ये सभा. कर्नल रंगात येऊन सांगत होता, "मी अख्खं टेक्सस वरून पाहिलंय. इतकं सुंदर दिसतं!"

आईने हात वर केला. मी खाली ओढायच्या आत ती उभी. "भाऊ, वरून सुंदरच दिसणार. आमच्या शाळेपुढचा खड्डा वरून दिसतो का? खाली उतरा न जरा!"

मला भाषांतर करावं लागलं. हॉल हसला. कर्नलच्या असिस्टंटने घाईघाईने त्याच्या कानात सांगितलं की सर, या बाई व्हिजिटर आहेत, यांना मत नाही.

कर्नल माइकवरूनच म्हणाला, "मत नाही? मग नक्की खरं बोलत असणार!"

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन खड्ड्यात उतरला होता.

* * *

सगळे असे हसत असताना त्याची मुलगी केटी मात्र हसायची नाही. तिला वडिलांकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती मिळत नव्हती.

कर्नल अंतराळात गेला तेव्हा केटी सात वर्षांची. जाताना तो सांगून गेला होता की अमुक दिवशी दुपारी मी आपल्या घरावरून जाईन. तिने मागच्या अंगणात पांढरी चादर अंथरली आणि तोंड वर करून उभी राहिली. तो परत आला तेव्हा तिने विचारलं, "डॅड, दिसली?" भोवती पत्रकार होते. तो म्हणाला, "उद्या सांगतो."

मग दौरे, मग भाषणं, मग निवडणुका. ते 'उद्या' चाळीस-एक वर्षं चाललं. आणि शेवटी शेवटी कर्नलच्या आठवणी विरू लागल्या. आधी निवडणुका गेल्या. मग विमानांची नावं गेली.

केटी ऑस्टिनहून दर शनिवारी यायची. स्वयंपाकघरात माझ्या बायकोला म्हणाली, "नाही म्हणाला तरी चालेल गं. फक्त विसरायच्या आत म्हणू दे."

* * *

तेव्हा कर्नलने घरभर कार्डं लावली होती. चहाचं कार्ड, औषधांचं कार्ड. वैमानिकच तो, चेकलिस्टवर जगणारा! दाराजवळच्या कार्डावर होतं: एक, गॅस बंद. दोन, चष्मा. तीन, पँट.

देशमुखने विचारलं, "पँट तिसरी का, सर?"

"चष्म्याआधी घातली होती एकदा," कर्नल गंभीरपणे म्हणाला. "ती माझी नव्हती."

* * *

वरती अंतराळात झोप कशी लागते, असं आमच्या मराठी शाळेतल्या पोरांनी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, झोपेत हात आपोआप तरंगत समोर येतात. एकदा जाग आली तर तोंडासमोर कुणाचा तरी हात! जाम घाबरलो.

"हूज हँड?" पोरं ओरडली.

"माझाच!"

शेवटच्या उन्हाळ्यात तो व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे तसाच बघायचा. अंतर राखून, जरा आदराने. मी शेजारी बसायचो. इतकं शांत वाटायचं की आपण खुर्चीवर टेकलेलो आहोत की नाही, हे हाताने चाचपून बघावं लागे.

* * *

त्याच उन्हाळ्यातला एक शनिवार. टेक्ससचं ऊन फुकट जातंय हे आईला बघवेना. मागच्या लॉनवर तिने जुनी पांढरी चादर अंथरली, चार कोपऱ्यांवर टोमॅटोचे चार डबे ठेवले आणि कुरडया घालायला आत पीठ घोटायला गेली. मी, देशमुख आणि केटी कर्नलच्या वरच्या खोलीत होतो. तिथून आमचं लॉन दिसतं.

कर्नल खिडकीशी उभा राहिला. मग एकदम खणखणीत आवाजात, आम्ही कधी न ऐकलेल्या, म्हणाला, "केटी, चादर दिसतेय. घराच्या डाव्या हाताला. चौथा कोपरा दुमडलाय. वीट कमी पडली का?"

देशमुखने वाकून पाहिलं. चारही कोपरे सपाट. चारही डबे जागेवर.

केटी भिंतीला टेकली. "तीनच विटा होत्या," ती म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही."

ती खाली गेली. आमच्या लॉनवर आली, चौथ्या कोपऱ्यावर, डब्याच्या शेजारी, एक वीट ठेवली आणि तोंड वर करून उभी राहिली. कर्नलने खिडकीतून अंगठा दाखवला.

आता कबुली. यातली ही शेवटची वीट मी रचली. आमच्या अख्ख्या गल्लीत सुटी वीट मिळायची नाही. तिने पायातला बूट काढून ठेवला होता.