अक्काची पदवी

रत्नागिरीहून तार आली तेव्हा मी पुण्यात वर्गात शिकवत होते. माझी थोरली बहीण, अक्का, छापखान्यात काम करता करता कोसळली आणि गेली. दीड महिना झाला, तरी दुपारी पोस्टमन दिसला की अजून वाटतं, तिचं पत्र असेल...

वडील गेले तेव्हा अक्का नुकतीच बी.ए.चं पहिलं वर्ष पास झाली होती. कॉलेज सोडून ती मारुती मंदिराजवळच्या छापखान्यात प्रुफं तपासायला लागली आणि मला तिनं शिकवलं. पदव्यांच्या बाबतीत ती फार काटेकोर. एकदा एका प्राध्यापकांनी कार्डं छापायला दिली. नावाआधी 'डॉ.', नावानंतर 'पी.एच.डी.'. अक्का म्हणाली, "सर, 'पीएच' हा 'फिलॉसॉफी' या एकाच शब्दाचा तुकडा, मध्ये टिंब नको. आणि आधी डॉक्टर लिहिलंत, तर मागं परत पदवी कशाला?"

ते चिडले. "तुमचं शिक्षण काय हो?"

"एफ.वाय. झालंय. पुढचं नाही."

ऐंशी साली तिला चिपळूणचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, बोलायला मोकळा. तो बघून गेल्यावर अक्का दोन दिवस गुणगुणत होती. मग तिला कळलं, मामांनी माहितीच्या कागदावर तिच्या नावापुढं 'बी.ए.' लिहून दिलंय.

"दोन अक्षरांचं काय एवढं गो?" मामा म्हणाले.

"ती माझी नाहीत, मामा."

तिनं स्वतः कार्ड लिहून खरं कळवलं. त्यांना पदवीधरच सून हवी होती. नकार आला. मी तिच्यावर खूप भडकले. ती म्हणाली, "लपवलं असतं, तर हा आज विचारील, उद्या विचारील म्हणून जन्मभर धास्तीत राहिले असते गो..." पुन्हा तिनं लग्नाचा विषय काढू दिला नाही.

गेल्या आठवड्यात तिची खोली आवरायला गेले, तर टपालानं तिच्या नावाचा लिफाफा आला. टी.वाय.बी.ए.च्या परीक्षेचं प्रवेशपत्र! मी तशीच छापखान्यात धावले. मालक खाली बघत म्हणाले, "बाहेरून परीक्षेला बसत होती. दुसरं वर्ष गेल्या सालीच पास झाली. जेवणाच्या सुट्टीत वाचायची. निकाल लागेपर्यंत धाकटीला सांगू नका, म्हणाली होती."

काल पहिला पेपर होता. मी कॉलेजात गेले. खिडकीशेजारच्या बाकावर खडूनं तिचा नंबर लिहिलेला होता. घंटा झाली, मुलं-मुली आत गेली, पेपर वाटले गेले. दाराशी उभं राहून मी त्या रिकाम्या बाकाकडं बघत राहिले... पर्यवेक्षकांनी दार लोटून घेईपर्यंत.