हू नावाची हाजिरी

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात काट्यावर ऑपरेटर होते. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरमध्ये टाकायचं, हे माझं काम. सेठजींच्या पुतण्याने पुण्याहून शिकून येऊन ऑफिसात सर्व्हर बसवला आणि अकाउंट्सला, गोदामाला, काट्याला एकेक टर्मिनल दिलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माउसबिउसचे लाड नव्हते.

पुतण्या परत पुण्याला गेला, पण जाताना सेठजींना एक कमांड शिकवून आमचं वाटोळं करून गेला. कमांडचं नाव ‘हू’. इंग्रजी तीन अक्षरं टाकून एंटर दाबलं, की त्या घडीला नेटवर्कवर कोण कोण लॉगिन आहे आणि कधीपासून आहे, ते समोर यायचं. सेठजींनी दुसऱ्याच दिवशी हाजिरीचा मस्टर कपाटात टाकला. लॉगिनची वेळ तीच कामावर यायची वेळ. झालं सोपं!

ऑफिसचे बडेबाबू हुशार. त्यांनी लॉगआउट करणंच सोडून दिलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर लॉगिन केलेले बडेबाबू दिवाळी उलटली तरी पडद्यावर दसऱ्यालाच आलेले. सेठजी एकेकाला केबिनमध्ये बोलावून दाखवायचे, “हे पाय, मानूस कसा पाहिजे! दसऱ्यापासून बसून हाय.” बडेबाबू त्या वेळी समोरच्या टपरीवर तर्री-पोहे हाणत असायचे.

माझं उलटंच होतं. क्लासमध्ये शिकवलं तसं मी रोज घरी जाताना इमानदारीने लॉगआउट करायची. त्यात काट्याची वायर सरकी काढायच्या जिनच्याच लाइनवर. जिनची मोठी मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि माझं टर्मिनल बंद. मग पुन्हा लॉगिन. सकाळपासून नाकातोंडात कापूस घेत बसलेली मी, पडद्यावर मात्र दुपारी चारला उगवायची.

हसण्यावारी नेलं असतं हो, पण मला पर्मनंट व्हायचं होतं. बाबांनी बजावलं होतं, सीझन संपायच्या आत पर्मनंट झालीस तर नोकरी कर, नाही तर उन्हाळ्यात लग्न. आष्टीचं स्थळ तयारच होतं आणि त्यांना नोकरी करणारी सून नको होती. मला ते लग्न नको होतं. मला काटा हवा होता, तिथली खुर्ची हवी होती, माझा स्वतःचा पासवर्ड हवा होता.

एके दिवशी सेठजींनी बोलावलंच. “काऊन वं, रोज चार-चार वाजता येऊन राह्यली?”

“नाई सेठजी, मी तं नऊलेच येतो. मोटर सुरू झाली का टर्मिनल बंद पडते, म्हनून...”

“मंग बडेबाबूचं नाई पडत बंद? मशीनले काय तुयाशी दुश्मनी हाय?”

बडेबाबू शेजारीच उभे होते. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! पण बोलते कुणाला? पर्मनंटचं मग नावच निघालं नाही, आणि घरी आई माझ्या साड्यांचं बोलायला लागली.

होळीच्या आसपासची गोष्ट. सेठजी नागपूरला गेले होते. दुपारी लाइन गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे सर्व्हरच बंद पडला आणि झाडून सगळे बाहेर फेकले गेले. बडेबाबूंचा दसरासुद्धा गेला. ऑफिस उठून चहाला निघालं. मी कुठे जाणार? काट्यापुढे बंड्यांची ही रांग, आणि बंडीवाले माझ्याच नावाने बोंबलत होते. तीनला लाइन आली, सर्व्हर उठला, आणि मी रोजच्या सवयीने चटकन पासवर्ड टाकून वजनं घ्यायला लागले. जिनची मोठी मोटर त्या दिवशी पुन्हा सुरूच झाली नाही, म्हणून माझं टर्मिनलही टिकलं. बाकीची मंडळी पान वगैरे खाऊन निवांत परतली.

संध्याकाळी सेठजी आले आणि पाणीसुद्धा न पिता ‘हू’ करून बसले. आम्हा सगळ्यांना बोलावणं गेलं.

“बडेबाबू, तुमी आज पाच वाजता आले?”

“लाइन गेलती ना, सेठजी!”

“लाइन गेलती? मंग हिची नाई गेलती का?”

बडेबाबू चष्मा पुसायला लागले. खरं उत्तर मला येत होतं, पण ते मी कशाला देऊ? सेठजींनी पडद्यावर बोट ठेवलं. “पाहा, आज सबसे पैले हे पोरगी आली. चार वाजता येनारी पोरगी! मी बोललो, तं सुधरली का नाई?”

सगळ्यांदेखत त्यांनी मला पर्मनंट केलं. “आता असंच राह्यजो,” म्हणाले. “हो सेठजी,” मी म्हटलं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं आणि रागाने कानही तापले. सगळा सीझन खरं सांगत होते, तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं.

घरी बाबांनी आष्टीला नकार कळवला. पेढे देवापुढे ठेवता ठेवता आईने विचारलं, “कायच्यानं केलं वं त्यानं पर्मनंट?”

“काम पाहून,” मी म्हटलं.