मावशींच्या ओवलेल्या सुया

शिंप्याच्या त्या दुकानात हातानं काजं करणाऱ्या मावशी म्हणजे महातोंडाळ बाई. सव्वीस वर्षं त्यांनी कोटांची काजं केली आणि सव्वीस वर्षं सगळ्यांशी भांडण केलं. कोटाला एक चुणी राहिली की इस्त्रीवाल्याची खैर नसायची. तोही काही कमी नव्हता, एकाला दोन ऐकवायचा. दोघांची जुंपली की बाकीच्यांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

मावशींचे डोळे चालले होते, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. दिसणं असंच कमी कमी होत जाणार, चष्म्यानं भागणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरी सांगायला तरी होतं कोण? मालकांना कळलं की आपली गच्छंती, एवढंच बाईंच्या डोक्यात. मग त्यांनी युक्ती काढली. सकाळी घरच्या खिडकीत, उन्हात बसून सुया ओवायच्या आणि कापडाच्या पट्टीला ओळीनं टोचायच्या. डावीकडे सहा काळ्या दोऱ्याच्या, उजवीकडे सहा गडद निळ्या. दुकानात नुसतं चाचपून सुई उचलायची. टाके काय, ते बोटांना पाठच होते. दोन वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही!

आणि एके दिवशी घाईत पट्टी उलटी ठेवली गेली. निळ्या कोटाला चारही काजं काळी झाली.

मालकांनी कोट उजेडात धरला आणि मावशींकडे पाहिलं. थापा तरी किती मारणार? त्यांनी सगळ्यांसमोर खरं ते सांगून टाकलं.

"टाका एकही इकडचा तिकडे नाही, मावशी," मालक म्हणाले. "रंग मी सांगत जाईन. तुम्ही कुठेही जायचं नाही."

मावशींना रडूच कोसळलं. नोकरी वाचली होती.

पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात सगळे दबक्या आवाजात बोलू लागले. मावशी उठल्या की दोघं धरायला धावायचे. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग एका कोटावरून हात फिरवला. एक चुणी बोटाला लागली नाही, झकास इस्त्री होती. तरी मुद्दाम इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, "कोटाची पार वाट लावलीस, मेल्या. इस्त्री धरता तरी येते का तुला?"

आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत राहिल्या.

"चुकलं माझं, मावशी," तो हळूच म्हणाला.

मावशींनी पुढचा कोट मांडीवर ओढला. इतकं एकटं त्यांना त्या दोन वर्षांतही वाटलं नव्हतं.