लैमाचा दोरा

मेचा दुसरा रविवार, विश्रामबाग, शेजारच्या आक्कांचा हॉल. हजर: आक्का, त्यांचा थोरला मुलगा, थोरली सून सुमन आणि मी. गैरहजर: धाकटा, तो फौजेत. बैठक जिच्याबद्दल होती ती त्याची मणिपूरची बायको लैमा आत चहा करत होती.

दर शनिवारी मागच्या जिन्यावर लैमा दोऱ्याचं टोक दातात धरून सुमनची हनुवटी साफ करायची. सुमनला पीसीओडी, दाढीसारखे केस यायचे. "दुखलं तर सांगा," लैमा म्हणायची, "थांबनार न्हाई, पन सांगा." मराठी ती सासूकडून शिकली, त्यामुळे थेट आटपाडीची.

लैमाला मूल होत नव्हतं, पाळीही चुकायची. मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिलाही पीसीओडीच निघालं. आक्कांना पटेना.

"सुमनला हाय, ते दिसतंय. हिच्या अंगाव एक केस न्हाई. पोर हुऊ नये म्हनून गोळ्या खात आसंल."

मी सांगितलं, आजार तोच, पण तिच्याकडच्या बायकांना बहुधा केस कमी येतात. आपल्याकडे जास्त, आणि साखरही लवकर वाढते, बारीक बायकांचीसुद्धा.

"आजारातबी जातपात व्हय?" थोरला हसला.

लैमा चहा घेऊन आली. आक्कांनी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, बाजारात वांगं बघावं तसा अंगठा फिरवला. "बघा, गुळगुळीत." थोरलाही वाकून बघू लागला. मला किळस आली. त्यांचा चहा मी न पिताच खाली ठेवला.

"आमी खोटं न्हाई बोलत, आक्का," लैमा म्हणाली. ट्रे तिने हलू दिला नाही.

आक्कांनी तिला माहेरी धाडायचं ठरवलं. तिचा नवरा फोनवर म्हणाला, "आई म्हणेल तसं." त्याच आठवड्यात ती माहेरी निघाली. स्टेशनवर पोहोचवायला मी एकटीच. तिने दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं. "काकू, सुमनताईचं आता तुमी करा. लय वडू नका. आन तिची साखर बघा."

ती परतली नाही. धाकट्यासाठी आता 'आपल्यातली' मुलगी बघतात, आणि आक्का आधी तिची हनुवटी बघतात.

शनिवारी दोरा मी धरते. मला लैमासारखं जमत नाही. साखर तपासायचा विषय काढला की आक्का म्हणतात, "केस गेलं की झालं." सुमन हल्ली मधेच उठून तांब्याभर पाणी पिते, परत येऊन मान वर करते. तिची साखर अजून तपासायची आहे.