फटीतली चप्पल

नरेशभाऊला मी शेवटचं पाहिलं ते चंद्रपूरच्या एका दवाखान्यात, दोन खाटांच्या मधे ओढलेल्या हिरव्या पडद्याआड. भरदुपारीही तिथं ट्यूबलाइट जळत होत्या, तरी तो पुन्हा पुन्हा वर बघत होता. "बाई, मले भेव लागून राह्यलं," तो म्हणाला. भीती त्यानं कधीच लपवली नव्हती, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. पण त्या दिवशीचा त्याचा आवाज ऐकून मी खाटेला अगदी खेटून उभी राहिले. "तू पडद्याच्या तिकडं उभी राय. मी इचारतो, तू सांगजो." मी पलीकडे गेले. "हाये का?" "हाये, भाऊ." थोड्या वेळानं पुन्हा, "हाये का?" "हाये…" असं चाललं असताना सिस्टरनं मला बाहेर घालवलं; त्याची बायको, सुमनवहिनी, तेवढ्या खाटेपाशी राहिल्या. मी खाली चहाच्या टपरीवर पोचते न पोचते तोच सुमनवहिनींचा फोन आला. नरेशभाऊ गेला होता. आता दीड महिना होत आला. मी बाहेर पडल्यावर त्यानं पुन्हा हाक मारली असेल का, आणि मारली असेल तर त्याला 'हाये' कुणी म्हटलं का, या विचारानं मला अजून धड झोप लागत नाही.

हे 'हाये का' आमच्या धंद्यातलं. सरकत्या भिंतींच्या सभागृहांमधले दिवे कसे चालावेत, याचे प्रोग्रॅम आम्ही दोघं लिहायचो. भिंत उघडी असली की एका स्विचनं सगळा हॉल चालायला हवा. भिंत ओढून दोन खोल्या केल्या की ज्याचा त्याचा स्विच ज्याच्या त्याच्या खोलीपुरता. भिंत लागली की नाही, हे तिच्या कडेला बसवलेल्या लोहचुंबकावरून यंत्राला कळतं. नरेशभाऊ माजरीचा, बाप कोळशाच्या खाणीत कामाला. एकदा टोपीवरचा दिवा विझला, तेव्हा कुणाची तरी ओ येईपर्यंत बाप जागच्या जागी हाका मारत बसला होता. ही गोष्ट नरेशभाऊनं लहानपणी ऐकली आणि अंधार त्याच्या मनात कायमचा घर करून बसला. काम संपलं की तो मला भिंतीच्या एका बाजूला ठेवायचा, स्वतः दुसऱ्या बाजूला जायचा आणि प्रत्येक बटणागणिक ओरडायचा, "बाई, उजेड हाये का?" मी हसायची. "भाऊ, तू दिव्याचं काम करतो का राखणीचं?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काय खोटं, असंही मी त्याला तोंडावर म्हटलेलं आहे.

मग गडचिरोलीकडच्या त्या सभागृहात ते घडलं आणि माझं हसू आटलं. गावोगावच्या बाया प्रशिक्षणाला आल्या होत्या, लेकरांना घेऊन. एका खोलीत त्या बसलेल्या, दुसऱ्या खोलीत साहेब लोकांची बैठक. उन्हाळा म्हणून खिडक्यांचे जाड पडदे ओढलेले. आपल्याकडच्या बायांची सवय अशी की सतरंजी दिसली की चपला काठावर काढायच्या, आणि सतरंजीचा काठ नेमका सरकत्या भिंतीच्या रुळावर आलेला. चौकीदारानं भिंत ओढली. ती लागल्यासारखी दिसली, पण एक इवलीशी चप्पल मधे दबली आणि बोटभर फट राहिली. चुंबक पोचला नाही. यंत्राला वाटलं, हॉल एकच आहे. तिकडच्या साहेबांनी पडद्यावर चित्र दाखवायला दिवे मालवले, आणि इकडे बायांच्या खोलीत मिट्ट काळोख झाला. त्या काळोखात कुणीतरी किंचाळलं, "वाघ!" जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या तोंडून अंधारात दुसरा शब्द निघत नाही. सगळ्या एका दाराकडे धावल्या. आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात होतो. आत नुसता आरडाओरडा उठला. नरेशभाऊ धावत जाऊन स्विचपर्यंत पोचला. एक पोरगी पायांखाली आली होती. वाचली, पण हात मोडला. तिची आई तिला उचलून अनवाणीच घेऊन गेली.

फटीत दबलेली ती लाल पट्ट्याची चप्पल त्या पोरीचीच होती; नरेशभाऊनं ती पिशवीत टाकली, ती कायमची. पोरीचं गाव शोधून नवा जोड देऊन आला, पण ही ठेवलीच. पुढच्या प्रत्येक हॉलमध्ये तो भिंत ओढताना ती मुद्दाम फटीत घालायचा, यंत्राला फसवायचा आणि मगच बटण दाबायला सांगायचा. प्रत्येक खोलीत एक दिवा असा ठेवायचा, की जो कुठल्याच बटणानं विझणार नाही. तो दिवा डोळ्यांत खुपतो, म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. कोरपन्याच्या एका साहेबानं तर काम काढून घेण्याची धमकी दिली. "काढून घ्या जी," हा म्हणाला, "पण भिंतीच्या तिकडं कोण बसलं हाये, हे तुमाले दिसते का?" म्हणता म्हणता दाराकडे सरकत मात्र होता. घाबरत घाबरत भांडणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या आठवड्यात चिमूरच्या मुलींच्या अभ्यासिकेचं त्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला गेले. एकटीनं जायची हिंमत होईना. सुमनवहिनी आपणहून म्हणाल्या, "मी येतो बाई. मले त्यातलं काई समजत नाई, पण उजेड हाये का नाई, ते तं दिसते." त्यांना पलीकडे बसवलं, भिंत ओढली, फटीत चप्पल घातली. बटणावर बोट ठेवलं आणि ते दाबवेना. शेवटी डोळे मिटून दाबलं. माझ्याकडचे दिवे गेले, एकच उरला. "वहिनी, उजेड हाये का?"

"हाये."

त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा मला विचारता आलं. "वहिनी… त्या दिवशी मी गेल्यावर भाऊनं हाक मारली होती का?"

 मग फटीतून आवाज आला. "मले नाई माहीत, बाई. तुझ्या मागून मलेई बाहेर काढलं होतं… आतून पडदा ओढून घेतला होता."

मी तशीच उभी राहिले. आपण दोघीही बाहेरच होतो, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. पलीकडूनही काही हालचाल नव्हती, आणि मला एकदम भलतीच भीती वाटली. तेवढ्यात वहिनींनी घाईघाईनं विचारलं, "बाई, तू हायेस न तिकडं?"

"हाये, वहिनी," मी म्हटलं, आणि चप्पल काढायला खाली वाकले.